लिलावातली पूर्ण बोली म्हणजे दान नाही

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय की वेगवेगळ्या देशांतल्या मुलांच्या मैत्री कॅम्पसाठी (सीड्स ऑफ पीस या संस्थेने १९९३ मध्ये मेन राज्यात सुरू केला तशा) चित्रांचा लिलाव झाला तर बोलीची सगळी रक्कम टॅक्समधून वजा होते. नाही हो, तसं नाहीये! समजा चित्राचा बाजारभाव ४०० डॉलर आणि तुम्ही घेतलंत ६५० ला, तर दान धरतात फक्त वरचे २५०, कारण ४०० चं चित्र तुमच्या भिंतीवर आलंच ना. आणि चित्रकाराने स्वतःचं चित्र दिलं तर त्याला कॅनव्हास-रंगांचाच खर्च दाखवता येतो, मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं पण नियम तोच आहे. ७५ डॉलरच्या वर पैसे दिलेत तर वस्तूची अंदाजे किंमत संस्थेने लेखी द्यायची असते, तो कागद नक्की मागून घ्या.