जुनं नाणं तरुण कसं करावं

तांब्याचं जुनं नाणं हाती आलं की आपलं पहिलं कर्तव्य एकच: त्याचं जुनेपण नाहीसं करणं. खिशांतून, गल्ल्यांतून, कधी मातीतूनही फिरून आल्यावर त्याच्यावर एक मुरलेला, गुळगुळीत तपकिरी रंग चढतो. जाणकार मंडळी त्याला पॅटिना म्हणतात आणि त्याच्याकडे कौतुकाने बघत बसतात. हा थर खालच्या धातूला हवेपासून वाचवतो, असंही ते सांगतील. तुम्ही भुलू नका. घाण ती घाण.

लिंबू कापा, मीठ घ्या आणि चोळायला बसा. आम्लात ऑक्साइडचा थर विरघळतो आणि बघता बघता खालून गुलाबी तांबं वर येतं. आता टांकसाळीतून नुकतं पडलेलं नाणं असं गुलाबी नसतं. ते नारिंगीकडे झुकणारं लाल असतं, आणि उजेडात जरा कललं की त्याच्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत फिरतात. छाप पडताना दाबाखाली धातू कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघांचा हा खेळ. तुमच्या लिंबाने त्या रेघा कायमच्या खाल्ल्या, पुन्हा त्या कुठल्याही उपायाने यायच्या नाहीत. पण इतकं बारीक पाहतो कोण? (पाहतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन पाहतात. ते गिऱ्हाईक आपलं नव्हे.)

धुताना मात्र घाई करा. अक्षरांच्या खाचांत मिठाचा थोडा अंश राहिलाच पाहिजे. त्यातलं क्लोराइड, हवेतली ओल आणि ऑक्सिजन हे तिघे एकत्र आले की फिकट हिरवी भुकटी धरू लागते. या प्रक्रियेत तयार होणारं आम्ल पुन्हा तांब्यालाच खातं, त्यातून पुन्हा तेच चक्र. एकदा सुरू करून दिलं की तुम्हाला बोटही हलवावं लागत नाही.

इंग्लंडचा १८९७ ते १९१७ या काळातला फार्दिंग सापडला तर विशेष मेहनत घ्या. ब्रॉन्झचं हे चिल्लर नाणं सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनशी आकाराने इतकं जुळायचं की नवंकोरं चकाकतं असताना त्याची गल्लत व्हायची. म्हणून टांकसाळच त्याला मुद्दाम काळं करून बाहेर पाठवायची. म्हणजे त्याचा काळेपणा हाच त्याचा जन्मजात रंग. तो खरवडून काढलात की टांकसाळीची चूक दुरुस्त केल्याचं पुण्य तुमच्या पदरी.

गुलाबी नाणं आठवडाभर पाहून तुम्हालाच कसंसं होऊ लागेल. तेव्हा गंधकाचं मलम लावा, थोडी ऊब द्या आणि रंग परत चढवा. कलप लावलेल्या केसांसारखा तो जरा जास्तच एकसारखा दिसेल, कडेला जांभळट झाकही मारेल. त्याला ‘दुर्मीळ इंद्रधनुषी छटा’ म्हणायचं.

आता दर्जाबद्दल. अमेरिकेतल्या दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या तांब्याचे तीन गट करतात: लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी. मूळ लाल रंग ९५ टक्के किंवा त्याहून जास्त उरला असेल तर लाल, ५ टक्क्यांहून कमी असेल तर तपकिरी, उरलेलं सगळं मधल्या गटात. म्हणजे ९४ टक्के लाली असलेलं आणि ६ टक्के लाली असलेलं नाणं एकाच नावाने ओळखलं जातं. त्यामुळे नाण्याकडे बघण्यात वेळ घालवू नका. कंपनी नाणं ज्या बंद डबीत घालून देते, तिच्यावरचं लेबल वाचा, किंमत मोजा. तांबं डबीतही हळूहळू रंग बदलतं, पण लेबल बदलत नाही. लाल लिहिलंय ना? मग लालच.

दर्जा सांगणाऱ्या आकड्यांवर तर डोळे मिटून श्रद्धा ठेवा. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली, तीसुद्धा तांब्याच्याच मोठ्या अमेरिकी सेंटसाठी. माणसांच्या अंगकाठीचे तीन साचे पाडणारा शेल्डन तो हाच. १७९४ चं जेमतेम ओळखू येणारं नाणं १ डॉलरचं धरलं, तर निर्दोष नाणं ७० डॉलरचं, असा त्यामागचा हिशोब. बाजारभाव लवकरच बदलले, हिशोब कोलमडला. आकडे मात्र राहिले, आणि आज ते सोन्याचांदीच्या नाण्यांनाही लागतात. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणे-अभ्यासाच्या संस्थेच्या संग्रहातले सरस सेंट काढून त्या जागी आपले डावे सेंट ठेवले होते, असं पुढे उघडकीस आलं. अशी अदलाबदल शंभराहून अधिक नाण्यांची. नाण्याची अवस्था सुधारण्याची इतकी सोपी पद्धत त्याच्या आधी कुणी मोजपट्टीला जोडली नव्हती.

काही जुन्या वळणाचे संग्राहक आधी छापेची धार किती शाबूत आहे ते बघतात आणि मग कडेला बसलेली ठेच, ओरखडे, खड्डे, डाग यांचे गुण वजा करतात. असल्या वजाबाकीच्या नादी लागू नका. विकताना तुम्हाला बेरीजच करायची आहे. हेच लोक नाण्यावरची धूळ उंटाच्या केसांच्या मऊ ब्रशने हलकेच झटकतात. उंटाच्या केसांचे म्हणून विकले जाणारे ब्रश बहुधा खारीच्या किंवा बकरीच्या केसांचे असतात, हे त्यांना सांगून पाहा. पुढचा तासभर ते दुसरं काही बोलणार नाहीत, तेवढ्यात तुम्ही तारेचा ब्रश फिरवून घ्या.

नाणं धरायचं कसं? कडेने धरा म्हणतात. तुम्ही खुशाल मधोमध अंगठा टेका. घामातली क्षारं आणि आम्लं काही दिवसांत तिथे तुमचा ठसा उमटवतील आणि तो सहसा निघणार नाही. मालकी सिद्ध करायला याहून पक्का कागद कुठला?

ठेवायला पीव्हीसीचा मऊ, पारदर्शक अल्बम उत्तम. काळ लोटला की त्यातून एक चिकट हिरवा द्रव पाझरतो आणि नाणं पानाला घट्ट धरून ठेवतो, हरवायची भीती नाही. रबरबँडही चालेल. त्यातलं गंधक नाण्यावर काळा पट्टा काढून देतं, फुकटात.

विकायच्या वेळी फोटो पिवळ्या दिव्याखाली काढा, तपकिरी तांबंही लालसर दिसतं. आधी ‘दुर्मीळ’ लिहा, मग ‘मूळ रंग’. ‘साफ केलंय का?’ असं कुणी विचारलंच, तर ‘आमच्याकडे आल्यापासून फक्त जपलंय’ एवढंच म्हणा. मागच्या बाजूचा फोटो मागितला, तर कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगा.