बाथचे खांब रोमन नाहीत

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा एक फोटो सगळीकडे फिरतोय. हिरवं पाणी, भोवती दगडी खांब, वर पुतळे. खाली मजकूर: ‘रोमनांनी बांधलेलं हे स्नानगृह 2000 वर्षं जसंच्या तसं उभं आहे. भट्ट्या पेटवून ते कुंडाचं पाणी तापवत. आजही लोक इथे आंघोळ करतात.’ ही जागा मला फार प्रिय आहे, म्हणून राहवलं नाही.

आधी खांब. मोठं कुंड घरांखाली गाडलं गेलं होतं. 1880 च्या सुमारास शहराचे सर्वेक्षक मेजर चार्ल्स डेव्हिस यांनी ते उकरून काढलं. रोमन आहेत ते खांबांचे बुंधे. त्यावरचे खांब, सज्जा आणि पुतळे एकोणिसाव्या शतकातले. रोमन काळात कुंडावर उघडं आकाशही नव्हतं, पुढे तर खूप उंच कमानदार छत होतं. आजचा हिरवा रंग उन्हात वाढणाऱ्या शेवाळाचा. खरं रोमन काम पाहायचं तर नजर खाली न्या: तळाला शिशाचे 45 पत्रे आहेत, ते आजही पाणी धरून आहेत. जादा पाणी आजही रोमनांच्याच गटारातून एव्हन नदीला मिळतं. हे कौतुक सोडून लोक नव्या खांबांना हात जोडतात, याचं वाईट वाटतं.

भट्ट्या होत्या, पण शेजारच्या दालनांसाठी. तिथली फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि खालून गरम हवा खेळे. कुंडाचं पाणी मात्र जमिनीतूनच 46 अंशांवर येतं, रोज 11 लाख लिटरहून जास्त. मेंडिप टेकड्यांवरचा पाऊस चुनखडीतून खोल मुरतो, तिथे तापतो आणि भेगांतून वर येतो. माणसाने न तापवलेलं पाणी, म्हणूनच तर इथे सुलिस मिनर्व्हा देवीचं देऊळ उभं राहिलं. झऱ्यात शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे 130 शाप सापडलेत. त्यांतले कित्येक चोरांना दिलेले. कुणाचा झगा गेला, कुणाचे पैसे. चोराला शिक्षा कर म्हणून देवीला साकडं!

राहिली आंघोळ. 1978 मध्ये इथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमिबाच्या संसर्गाने मेंदूज्वर होऊन मृत्यू झाला. रोमन कुंडात उतरायला बंदी आहे, पाण्याला हातही लावू देत नाहीत. आंघोळीसाठी 2006 मध्ये जवळच वेगळं स्नानगृह सुरू झालं, तिथे झऱ्याचं पाणी शुद्ध करून वापरतात. फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर निदान ते शेवटचं वाक्य काढून पाठवा.