मापाचं ब्लाऊज

बायकोला सांगायचं ठरवलं तेव्हा मी भाषण पाठ केलं होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी, खिडक्या लावून, साडी नेसून बसावंसं वाटतं. बाकी मी होतो तसाच आहे. तुझ्यात काही कमी नाही, वगैरे. रडारड होईल, माहेरी फोन जाईल, निदान दोन दिवसांचा अबोला तरी, अशी तयारी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कपाटाशी गेली आणि एक हिरवं ब्लाऊज माझ्यापुढे धरलं.

"ह्याची काखेतली शिवण तू उसवलीस?"

मी मान खाली घातली.

"आणि मी सहा महिने भात बंद केलाय!"

निकाल तिथल्या तिथे लागला. तिच्या कपाटाला हात लावायचा नाही, काय नेसायचंय ते नेस, पण तुझं तू आण. ऐकायला हे फार सोपं वाटतं.

आमच्यासारख्यांना इंग्रजीत क्रॉसड्रेसर म्हणतात. मराठीत जवळचा शब्द 'स्त्रीपार्टी', पण तो नाटक कंपनीतला हुद्दा होता, त्याला पगार मिळायचा. मी हौशी. शिवाय त्या मंडळींचे कपडे कंपनी आणायची. मला तुळशीबागेत जावं लागलं.

सुरुवात सोपी म्हणून गाऊनपासून केली. गाऊनला ना कंबर ना खांदा, उशीच्या अभ्र्याला बाह्या लावल्या की झाला गाऊन. विक्रेत्यानं विचारलं, "वहिनींना का?" मी म्हटलं, हो. खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"उंचीला कशा आहेत?"

"माझ्याएवढ्याच."

"अंगानं?"

"साधारण... माझ्यासारख्याच."

"अहो मग काय प्रश्नच मिटला!" असं म्हणून त्यानं जांभळ्या फुलांचा गाऊन माझ्या खांद्याला लावला, दोन्ही बाजूंनी ताणला आणि भर गल्लीत एका पोराला म्हणाला, "आरसा धर रे." ज्या क्षणाची मी वीस वर्षं वाट पाहिली तो हा. कुणीतरी आपण होऊन आरसा धरतंय, आणि मी काय म्हणावं? "नको, नको, तिला जांभळा आवडत नाही." बायको तेव्हा घरी जांभळ्या ड्रेसमध्येच बसली होती. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून दोन पायपुसणी घेऊन परत आलो.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, खोटं बोलावंच लागणार नाही असं दुकान निवडू. मोठं, चार मजली, जिथे कुणी कुणाला विचारत नाही. लेडीज सेक्शनमधून एक लांब घेरदार अनारकली उचलला, तो दोन शर्टांच्या मध्ये सँडविचच्या काकडीसारखा लपवला आणि पुरुषांच्या ट्रायल रूमकडे निघालो. दारातल्या पोरानं कपडे मोजले. "सर, ह्यात एक लेडीज आहे." "हो, हो." मी म्हणालो. त्यानं आणखी काही न विचारता '३' लिहिलेला प्लास्टिकचा बिल्ला दिला. घामाचा पहिला थेंब इथे.

आता बायकांच्या कपड्यांबद्दल एक गोष्ट सांगतो, जी पुरुषांना कुणी सांगत नाही. शर्ट हा पुढून उघडतो. त्यात शिरायचं कसं यावर विचार करावा लागत नाही. अनारकली ही एक गुहा आहे. मी घेराच्या बाजूनं डोकं घातलं, हात वर करून आत सरकलो, आणि छातीपाशी ती गुहा संपली. माझं डोकं पोटाच्या जागी, दोन्ही हात कानाला चिकटून सरळ वर, आणि कोपरांपाशी कापडानं अशी मिठी मारलेली की वरही जाता येईना, खालीही येता येईना. आतून सगळं मरून रंगाचं दिसत होतं. उडी मारून पाहिली. स्टूल पडलं.

"सर, आत ठीक आहे ना?"

"हो," मी म्हणालो, पण चार मीटर कापडातून तो आवाज विहिरीतून आल्यासारखा गेला असणार. कारण पुढच्याच क्षणी त्या पोरानं अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडून लेडीज सेक्शनला कळवलं, "मावशी, लवकर या! इकडे एक जण अडकलेत!"

मावशी आल्या. मला दिसल्या नाहीत, फक्त पावलं आणि बांगड्या ऐकू आल्या. 'मिसेससाठी बघत होतो' हे वाक्य जिभेवर होतं, पण मिसेससाठीचा ड्रेस मिसेसच्या नवऱ्याच्या डोक्यात का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प राहिलो. आयुष्यातला पहिला शहाणपणा.

"डाव्या कुशीत चेन असते, ती उघडली नाही ना?" मावशी म्हणाल्या. "नव्या मुलीसुद्धा अश्शाच अडकतात. वाका. अजून वाका. नमस्कार करतात तसं."

मी अनारकलीसकट मावशींना नमस्कार केला. त्यांनी कुशीत हात घालून चेन ओढली, घेर धरून एक हिसका दिला, आणि मी बाहेर पडलो. केस उभे, चष्मा आतच राहिलेला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं. आता सिक्युरिटीला बोलावणार, असं मला वाटलं.

"हा मरून तुम्हाला नाही खुलणार," त्या म्हणाल्या. "मोरपिशीत थ्री एक्सएल आहे. आणू?"

मोरपिशी घरी आला. खांद्यात आवळतो आणि कमरेखाली, जिथे माझ्याकडे भरायला काहीही नाही, तिथे झोळ्या होतात, पण आला.

तरी मन साडीवर होतं. साडीला साइझ नसते, तिला चेन नसते, ती साडेपाच मीटर निमूटपणे आपल्याभोवती येते. लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात जाऊन गादीवर बसलो, आसपास पंधरा-वीस बायका. आणि समोर पाहतो तर काय, झुपकेदार मिशीचा एक गृहस्थ शर्टपँटवर पैठणी नेसून उभा! अर्ध्या मिनिटात सात निऱ्या, खांद्यावरून पदर, वर हलकीशी गिरकी, काठ दिसावा म्हणून. समोरच्या काकू गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्यावर छान दिसते हो, पण तुम्ही उंच आहात." तो म्हणाला, "मग ही पाहा, बारीक काठाची," आणि ती सोडून दुसरी नेसला.

कुणी हसलं नाही. मला इतका मत्सर आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. हा माणूस भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, शेकडो बायकांदेखत दिवसाला पन्नास साड्या नेसतो आणि वर त्याला बोनस मिळतो. खरं म्हणजे नवल तरी कसलं? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीता पुरुषच होता. पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर काय नेसतात ते पाहून घरंदाज बायका आपल्या साड्या ठरवायच्या. त्यांच्या नावाच्या रंगमंदिरात मीही सहकुटुंब नाटकं पाहिली आहेत. एवढा वारसा पाठीशी असताना मी पायपुसणी घेऊन घरी येतो!

मी लाल पदराची इरकल निवडली. मिशीवाल्यानं विचारलं, "वहिनींना?" मी म्हटलं, "निऱ्या सुटत कशा नाहीत हो तुमच्या?" तो खूश झाला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नसावा. "पट्ट्यात खोचायच्या," तो हळूच म्हणाला. "परकराच्या नाडीपेक्षा कातडी पट्टा बरा."

उरलं ब्लाऊज. ते तयार मिळत नाही, म्हणजे माझ्या खांद्यांना मिळत नाही. गल्लीच्या टोकाला मास्तर आहेत. त्यांनी कापड पाहिलं आणि विचारलं, "मापाचं ब्लाऊज आणलंय?"

पहिलं ब्लाऊज शिवायला आधीचं नीट बसणारं ब्लाऊज लागतं. मग जगातलं पहिलं ब्लाऊज कुणी शिवलं, आणि कशावरून? बाकावर दोन बायका फॉल-पिकोसाठी थांबल्या होत्या. मी आवंढा गिळला.

"माझंच माप घ्या."

मास्तरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, गळ्यातली टेप काढली आणि माप घेऊन पोराला ओरडून सांगितलं, "छाती ४४, मुंढा २०!" मग म्हणाले, "साडीतला पीस ऐंशी सेंटीमीटरचा. ह्यात बाह्या बसायच्या नाहीत. स्लीव्हलेस करू?"

"नको!"

"मग मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू आणा. कटोरी की प्रिन्सेस?"

मला दोन्ही राजघराणी वाटली. बाकावरच्या एका बाईंनीच उत्तर दिलं, "कटोरी नको हो मास्तर, ती भरायला काहीतरी लागतं. साधं चार टक्सचं शिवा." दुसऱ्या म्हणाल्या, "आणि हुक पुढून लावा, मागचे ह्यांना एकट्याला लागायचे नाहीत."

आठ दिवसांनी घ्यायला गेलो. मास्तरांनी ब्लाऊज उलटं करून शिवण दाखवली.

"आत दोन इंच कापड सोडलंय. दिवाळीनंतर उसवून न्या. सगळ्याच येतात."