'स्वभावच तापट आहे' हे म्हणणं आता बंद करा

माझी मुलगी आठ वर्षांची असताना खाली माझी बाईक थांबली की टीव्ही बंद करून पुस्तक उघडायची. मला वाटायचं, किती शिस्त! एका रात्री भाजी खारट झाली म्हणून मी ताट भिरकावलं. ती रडली नाही. मुकाट्याने उठली, फडकं आणलं आणि भिंत पुसायला लागली. तिला सवय झाली होती.

आजोबा तसेच, बाबा तसेच. "तोंडाने फटकळ, पण आतून फणस हो," असं आजी सांगायची, मग आई सांगू लागली. या वाक्यामुळेच आमच्या घरातलं कुणी डॉक्टरांकडे गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी गेलो. अशा रागाचा एक आजार असतो, इंटरमिटंट एक्स्प्लोसिव्ह डिसऑर्डर, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. क्षुल्लक कारण, भडका प्रचंड, आधी काही ठरवलेलं नसतं. तीन महिने आठवड्याला साधारण दोनदा शिवीगाळ, आरडाओरडा, किंवा वर्षात तीनदा मोडतोड, मारहाण, हा निदानाचा ढोबळ निकष. बहुतेकदा अर्ध्या तासात सगळं ओसरतं, मग माणूस पस्तावतो आणि आइस्क्रीम घेऊन येतो. मीही आणायचो. समुपदेशन आणि गरज पडली तर औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. पण आजार आहे म्हणून भिरकावलेलं ताट माफ होत नाही.

माझी कानशिलं तापतात, जबडा आवळतो. ती खूण कळली की "खाली जाऊन येतो" एवढंच बोलून मी चप्पल घालतो. मागे कुणी यायचं नाही, आणि परत आल्यावर विषय मीच काढायचा, हे आम्ही शांत असताना ठरवलंय. उशीवर बुक्के मारून राग बाहेर काढ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. राग उतरतो तो शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, संथ श्वासाने, ध्यानाने. धावण्यानेसुद्धा नाही.

टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्याच्या उपचारांची वाट बघू नका, आधी सुरक्षित जागी जा, ११२ लावा.

मुलगी आता चौदाची आहे. क्लासहून निघताना अजूनही कधीकधी आईला फोन करून विचारते, "बाबांचा मूड कसाय?"