खानापूर तालुक्यातल्या मॅडमनी दिलेल्या दोन स्टारला आमचं उत्तर

मॅडम, नमस्कार.

शिक्षकांसाठी घेतलेल्या आमच्या दोन दिवसांच्या कॉम्प्युटर क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, काल पुन्हा वाचला आणि आज क्लास उघडण्याआधी उत्तर लिहायला बसलोय. इतर शिक्षकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात सांगतो. दोन दिवसांत शिकवलेलं जवळजवळ सगळं इंटरनेटवर चालणारं होतं आणि तुमच्या शाळेत रेंजच नाही. रविवारी दुपारी प्रोजेक्टर बंद पडून पाऊण तास वाया गेला. कन्नड परिपत्रकांचा विषय तुम्ही दोनदा काढलात, दोन्ही वेळा मी "नंतर बघू" म्हणालो. आणि टायपिंगचे तीन तास फुकट गेले, कारण आता मोबाईलवर बोललं की आपोआप टाईप होतं.

पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. चौथी मला पटत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

प्रोजेक्टरबद्दल माफी मागतो. दुसरा आणून ठेवला आहे.

रेंजचं मात्र मनाला लागलं. आजवरच्या बॅचमध्ये बहुतेक शिक्षक शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर भागातले असायचे. बेळगावच्या टिळकवाडीत नेटसमोर बसून मी अभ्यासक्रम आखला आणि तोच तुमच्यापुढे ठेवला. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर जांबोटीहून बस पकडून येणाऱ्या शिक्षिकेला सोमवारी त्यातलं काय वापरता येईल, हे मी विचारलंच नाही. ते विचारणं माझं काम होतं.

नेट नसताना चालणारं बरंच काही आहे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा पाठ खानापुरात किंवा बेळगावात रेंज असताना डाऊनलोड करून ठेवला, की वर्गात नेटशिवाय दाखवता येतो. तुमच्या फोनमधला व्हिडिओ शेजारच्या बाईंच्या फोनवर पाठवायचा असेल तर अँड्रॉइडच्या क्विक शेअरला इंटरनेट लागत नाही, दोन्ही फोन जवळ असले की पुरे. गुणांचं काम तर मुळातच नेटशिवाय करण्यासारखं आहे. एफए-१ ते एफए-४ (आकारिक मूल्यमापन) आणि एसए-१, एसए-२ (संकलित मूल्यमापन) असे रकाने असलेली एक्सेल शीट एकदा तयार करा. बेरीज आणि श्रेणीची सूत्रं एकदाच घाला, पुढच्या वर्षी फक्त नावं बदलायची. सॅट्स पोर्टलवर, म्हणजे कर्नाटक शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-नोंदींच्या संकेतस्थळावर, भरायला तालुक्याच्या गावी जाल तेव्हा शीट तपासून तयार असेल, तर वही उघडून एकेका मुलाचे गुण शोधत बसावं लागणार नाही. त्या दिवशी तुम्हाला हे शिकवायला हवं होतं. मी गूगल फॉर्मवर दीड तास घालवला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण चहाच्या वेळी तुम्ही सहज बोलून गेलात आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यात आहे. मुलांच्या याद्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडून प्रिंट करता, असं तुम्ही म्हणालात. काम झालं की फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तिथून लॉग आऊट करा आणि डाऊनलोड झालेली फाईलही पुसून टाका. त्या याद्यांत मुलांचे आधार क्रमांक असतात, पालकांचे फोन नंबर असतात.

आता कन्नड परिपत्रकं. मी टाळाटाळ केली, कारण तो भाग माझ्या तयारीत नव्हता आणि पंचवीस जणांसमोर "मला नीट माहीत नाही" म्हणायला जीभ रेटली नाही. आपल्या भागातल्या मराठी शाळेत शिकवणं मराठीत असतं आणि बीईओ ऑफिसकडून (गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून) येणारा कागद कन्नडमध्ये. तो वाचता येणारे एक-दोन सहकारी असतात, आणि सगळी शाळा त्यांच्यावर अवलंबून. त्यामुळे तुमचा प्रश्न वर्गातल्या निम्म्या लोकांचा होता, हे मला कळायला हवं होतं.

करायचं असं. गूगल ट्रान्सलेट ॲपमध्ये कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा आधी डाऊनलोड करून ठेवा, म्हणजे मजकुराचा अनुवाद नेट नसतानाही होतो. रेंज असेल तेव्हा परिपत्रक सपाट जागेवर ठेवून त्याचा फोटो उजेडात, सरळ वरून काढा आणि गूगल लेन्समधून (फोटोतला मजकूर वाचणाऱ्या ॲपमधून) मराठी करून घ्या. व्हॉट्सॲपवर चार ग्रुप फिरून आलेला धूसर फोटो वापरू नका, मूळ पीडीएफ मागून घ्या. मराठी वाचायला ओबडधोबड येईल. ते चालतं. आपल्याला तीनच गोष्टी हव्या असतात: कुणी करायचं, काय करायचं आणि किती तारखेपर्यंत.

पण तारीख आणि रक्कम अनुवादावरून कधीही पक्की धरू नका. काही कागदांवर आकडेही कन्नड असतात आणि कन्नड सहा आणि नऊ दिसायला इतके जवळचे आहेत की मशीनच काय, आपणही फसतो. आकडे मूळ कागदावर बोट ठेवून तपासायचे. अक्षरदासोहचा (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा) हिशोब किंवा एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) ठरावाचा विषय असेल, तर सीआरपींना, म्हणजे आपल्या क्लस्टरच्या साधन व्यक्तींना, एक फोन करायचा.

राहिलं टायपिंग. इथे मी तुमच्याशी असहमत आहे, मॅडम. पालकांना निरोप द्यायला बोलून टाईप करणं उत्तम, मीही तेच करतो. पण प्रश्नपत्रिका बोलून होत नाही. जोड्या लावा, रिकाम्या जागा, अपूर्णांक, समास सोडवा, हे सगळं बोटांनीच करावं लागतं. शिवाय आवाजाच्या टायपिंगला साधारणपणे नेट लागतं, आणि तेच तुमच्याकडे नाही.

मी शिकवला तो इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाण ठरवलेली ही मांडणी भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. इंग्रजी 'के'च्या बटणावर मराठीत क येतो, आणि भाषा बदलून कन्नड घेतली की त्याच बटणावर कन्नड क येतो. काना, वेलांटी, उकार, सगळं त्याच जागी. मराठी आणि कन्नड दोघींचा ळ सुद्धा शिफ्ट धरून 'एन'वरच. म्हणजे एका भाषेसाठी बोटं बसली की दुसरीचं टायपिंग नव्याने शिकावं लागत नाही. ज्यांना मुलांसाठी मराठी आणि ऑफिससाठी कन्नड लिहावं लागतं, त्यांच्याइतका याचा उपयोग क्वचितच कुणाला असेल.

आणि हे टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत होतं. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून आणलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, हा अनुभव तुम्हीच वर्गात सांगितला होता. युनिकोडमध्ये तसं होत नाही. मागच्या वर्षीचा पेपर उघडायचा, चार प्रश्न बदलायचे, पीडीएफ करून झेरॉक्सला पाठवायचा.

यातलं एक अक्षर मी त्या दिवशी बोललो नाही. बोटं कुठे ठेवायची तेवढं तीन तास सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. मग वेळ फुकट गेला असं वाटणारच.

फी भरलेल्या सगळ्यांसाठी पुढच्या महिन्यात एक रविवार खानापुरातच घेतो, पैसे न घेता. जांबोटी, कणकुंबी, लोंढा भागातल्यांना बेळगावपर्यंत यावं लागणार नाही. ज्यांना येणं जमणार नाही त्यांची अर्धी फी परत करीन, क्लासच्या नंबरवर कळवावं. तारीख सगळ्यांना विचारूनच ठरवू.

येताना तुमच्या वर्गाची गुणांची वही आणा आणि शाळेत नुकतंच आलेलं एखादं कन्नड परिपत्रक आणा, मुलांची नावं नसलेलं. त्या दिवशी माझ्या नोट्स बाजूला ठेवून त्या दोन कागदांपासून सुरुवात करू. ट्रान्सलेटमधल्या दोन्ही भाषा रेंजमध्ये असताना उतरवून ठेवल्यात तर तिथे तेवढा वेळ वाचेल.