न तपासता पार्ट बदलणं बंद करा!

चार महिने! चार महिने सिग्नल लाल झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. गाडी न्यूट्रलला आली की आरपीएमचा काटा नाचायला लागायचा. ५०० वर पडायचा, ११०० वर उसळायचा, परत पडायचा. स्टिअरिंग थरथरतंय, आरसा थरथरतोय, त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन गचकन बंद. संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावर मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडली की मागचे काय काय ऐकवतात, ते पुण्यात गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला नेली. ॲडव्हायझरने बॉनेटही न उघडता सांगितलं, "मॅडम, क्लच अर्धवट सोडत असाल." अहो, न्यूट्रलला उभी आहे गाडी! बावीस वर्षं गाडी चालवतेय मी, खंबाटकी घाट रात्री पावसात उतरलेय. माझ्या जागी माझा नवरा असता तर हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं असतं का?

मग सुरू झालं अंदाजपंचे दाहोदरसे. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ केली, १,५०० रुपये. साफ केल्यावर स्कॅनरने आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालायचा वेग) परत शिकवायचं असतं, कारण गाडीतल्या कॉम्प्युटरने काजळी धरून थ्रॉटलची जागा लक्षात ठेवलेली असते. ते केलंच नाही, त्यामुळे गाडी आणखी बिघडून घरी आली. पुढच्या वेळी चारही प्लग, ३,२००. मग प्लगला वीज देणारी एक कॉइल, ३,४००. मग इंजेक्टर क्लीनिंग, २,८००. दर वेळी जॉब कार्डवर "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड" आणि दर वेळी मी दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला थरथरत उभी. एकूण १०,९०० रुपये! शेवटी म्हणाले, इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच, गेला असेल, बदलून बघू. बघू?? माझ्या पैशांनी बघू?

"इंजिन लाइट लागलेला नाही ना, मग काही नाही," हे तर मी तीनदा ऐकलं. लाइट लागायला कॉम्प्युटर बघत असलेला आकडा ठरावीक मर्यादेबाहेर जाऊन तिथे टिकावा लागतो. तोवर गाडी धडधाकट असते असं नाही हो! स्कॅनर लावून फक्त बिघाडाचा कोड बघायचा आणि कोड नाही म्हणून वायर काढून घ्यायची, याला तपासणी म्हणतात?

मी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं ९०० रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र घेतलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं आणि मोबाइलवर फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय ते. आयडलला अधिक २३ टक्के. ॲक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमला नेलं तर अधिक ४. उत्तर तिथेच लिहिलं होतं. माझ्या गाडीत आत जाणारी हवा एमएएफ सेन्सर मोजतो. त्याच्या पुढे कुठे चीर पडली की न मोजलेली हवा आत शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसतो. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमधली (सिलिंडरला हवा नेणाऱ्या पाइपातली) ओढ जोरात, त्यामुळे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा. वेग वाढला की मुळात हवाच इतकी जाते की तेवढ्या गळतीने काही बिघडत नाही. म्हणूनच हायवेला माझी गाडी लोण्यासारखी पळायची! हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हायवेला मस्त, सिग्नलला त्रास." त्यांच्यातल्या एकालाही यावरून काही सुचू नये?

धायरीतल्या एका छोट्या गॅरेजात गेले. तिथले काका साठीचे असतील. आकडे दाखवले, तर एवढंच म्हणाले, "ताई, एअर घेतीय गाडी." इंजिन चालू ठेवून एकेक पाइप बोटांनी चाचपत गेले. इनटेकच्या खालच्या बाजूला पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) रबरी पाइप, वळणावर उष्णतेने कडक होऊन चिरलेला, भोवती तेलाची ओल. त्यांनी चिरेवर अंगठा दाबला आणि काटा ७५० ला येऊन थांबला. थांबला! मला तिथे रडू आलं, खरं सांगते. पाइप ४२० रुपये, मजुरी २००. त्याच ओढीवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरचा पाइपही न सांगता तपासला, आणि तो चांगला आहे म्हणून बदलला नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्यांच्याकडे लाखांचा स्कॅनर आहे, धूर सोडून गळती शोधायचं मशीन आहे, त्यांनी दहा मिनिटं खाली वाकून बघू नये? कॉइल खराब असेल तर मिसफायर (पेट्रोल न पेटणं) कुठल्या सिलिंडरचा, ते दाखवा. इंजेक्टर खराब असेल तर तेही दाखवा. दाखवता येत नसेल तर माझ्याकडून पैसे कुठल्या तोंडाने घेता?

कॉइल बदलली तेव्हा जुनी मी मागून घेतली होती. परवा रविवारी काकांकडून तीच परत बसवून घेतली. तीन दिवस झाले, काटा ७५० वरून हललेला नाही.