रूम चालू झाली म्हणजे प्रोग्रामिंग झालं? एव्ही प्रोग्रामरच्या सर्टिफिकेटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या एव्ही (ऑडिओ-व्हिज्युअल) मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचा गाभा असा: कंट्रोल सिस्टिमच्या, म्हणजे रूममधला प्रोजेक्टर, आवाज, पडदा एका पॅनलवरून चालवणाऱ्या यंत्रणेच्या, प्रोग्रामरला वेगळं व्यावसायिक सर्टिफिकेट कशाला? उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा कोर्स पुरे. आता सगळं ड्रॅग-अँड-ड्रॉप झालंय. नेटवर्क आयटीवाले बघतात. कोड ज्याने लिहिला त्याचा. परीक्षा घ्यायचीच तर ऑनलाइन प्रश्नपत्रिका घ्या, आणि एकदा पास झाला की झालं.

कॉन्फरन्स रूम आणि सभागृहांचे प्रोग्राम लिहिणारे, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांचे प्रोग्राम दुरुस्त करण्यात घालवणारे आम्ही लोक. या मेसेजमध्ये थोडं खरं आहे आणि बरंच घातक आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कंपनीचं सर्टिफिकेट आहे ना, मग झालं."

कंपन्यांचे कोर्स चांगले असतात आणि ते करायलाच हवेत. क्रेस्ट्रॉनचं सिम्पल विंडोज, एएमएक्सचं नेटलिंक्स, एक्स्ट्रॉनच्या ग्लोबल स्क्रिप्टरमधलं पायथन, क्यू-सिसमधलं लुआ ही प्रोग्रामिंगची हत्यारं ते शिकवतात. पण हत्यार चालवता येणं वेगळं आणि काम येणं वेगळं. कंपनीच्या परीक्षेत त्या कंपनीची उपकरणं समोर असतात आणि ती बहुतेक शहाण्यासारखी वागतात. साईटवर प्रोजेक्टर एकाचा, डीएसपी (आवाजाचा प्रोसेसर) दुसऱ्याचा, कॅमेरा तिसऱ्याचा, आणि भांडण नेमकं त्यांच्या सांध्यात होतं. शिवाय कंपन्यांची मालकी बदलते. एएमएक्स २०१४ मध्ये हरमनकडे गेली, हरमन २०१७ मध्ये सॅमसंगकडे. खराडीतली बिल्डिंग मात्र तिथेच राहते, आणि तिला सांभाळणारा माणूस ब्रँडपलीकडचं जाणणारा लागतो.

ब्रँडनिरपेक्ष सर्टिफिकेट या क्षेत्रात आहेतच. अॅव्हिक्सा ही एव्ही उद्योगाची संस्था सीटीएस हे सर्टिफिकेट देते, डिझाइनसाठी सीटीएस-डी आणि इन्स्टॉलेशनसाठी सीटीएस-आय. प्रोग्रामिंगसाठी मात्र तशी तिसरी शाखा नाही. आमचा आग्रह या रिकाम्या जागेसाठी आहे. व्यक्तींना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक आहे. आधी प्रत्यक्ष कामाची छाननी करा, मग परीक्षा आखा, आणि परीक्षा घेणारा निःपक्षपाती राहील हे बघा, असं ते सांगतं. कंट्रोल प्रोसेसर (ज्यात प्रोग्राम चालतो ते यंत्र) विकणाऱ्यानेच परीक्षा घेतली तर ही शेवटची अट पाळणं अवघड आहे.

"ड्रॅग-अँड-ड्रॉप आलंय, आता प्रोग्रामर लागतोच कुठे?"

चार खुर्च्यांच्या हडल रूमला खरंच फारसा लागत नाही. एक डिस्प्ले, एक बार (कॅमेरा-स्पीकर एकत्र), एक केबल. तयार कॉन्फिगरेशन पुरतं. हे मान्य.

पण बटण जोडणं म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. समोरचं उपकरण ऐकत नसेल तेव्हा काय करायचं, हे ठरवणं म्हणजे प्रोग्रामिंग. एक साधा प्रोजेक्टर घ्या, पीजेलिंकवर (नेटवर्कवरून प्रोजेक्टरला कमांड द्यायच्या सामायिक पद्धतीवर) चालणारा. टीसीपी पोर्ट ४३५२ उघडायचा, "चालू हो" ही कमांड पाठवायची, शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची खूण. ड्रॅग-अँड-ड्रॉपमध्ये इतकंच दिसतं. प्रत्यक्षात प्रोजेक्टरला स्थिती विचारली की चार उत्तरं येऊ शकतात: ० म्हणजे बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ तापतोय. थंड होत असताना "चालू हो" म्हटलं तर तो "एरर ३", म्हणजे आत्ता जमणार नाही, असं कळवू शकतो. ज्याने हे उत्तर वाचलंच नाही त्याच्या रूममध्ये पॅनलवर "प्रेझेंटेशन सुरू" दिसतं, पडदा खाली येतो आणि भिंत काळी राहते. माणसं मग बटण पाच वेळा दाबतात. प्रत्येक दाबण्याला प्रोग्राम नवी कमांड रांगेत टाकतो, आणि प्रोजेक्टर थंड झाल्यावर ती अख्खी रांग त्याच्यावर कोसळते.

बरोबर रीत अशी: बटण दाबल्यावर फक्त "काय हवंय" ते नोंदवायचं. दर दहा सेकंदांनी प्रोजेक्टरला स्थिती विचारायची. हवं ते आणि असलेलं यांत फरक असेल आणि स्थिती ० किंवा १ असेल, तरच कमांड पाठवायची. २ किंवा ३ असेल तर पॅनलवर तसं लिहून थांबायचं. दहा सेकंदांचा दुसरा फायदाही आहे: पीजेलिंकमध्ये ३० सेकंद काही पाठवलं नाही तर प्रोजेक्टर कनेक्शन तोडतो.

उत्तर वाचतानाही एक खड्डा आहे. टीसीपीवर उत्तर एका घासात येईल याचा भरवसा नसतो. कधी अर्धं येतं, कधी दोन उत्तरं चिकटून येतात. त्यामुळे आलेलं सगळं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवायचं, कॅरेज रिटर्न दिसला की तिथपर्यंतचा तुकडा कापून वाचायचा, उरलेलं पुढच्यासाठी ठेवायचं. हे न केलेला प्रोग्राम ऑफिसात टेबलावर बिनचूक चालतो आणि साईटवरच्या भरलेल्या नेटवर्कवर आठवड्यातून दोनदा अडकतो. असा अधूनमधून येणारा दोष शोधणं सगळ्यात महाग पडतं.

आता मे महिन्यातला वळवाचा पाऊस आठवा. हिंजवडीत वीज जाते, डीजी (डिझेल जनरेटर) उचलायला काही सेकंद घेतो. प्रोसेसर यूपीएसवर आहे, प्रोजेक्टर थेट लाइनवर. प्रोजेक्टर मेला, पण प्रोसेसरच्या आठवणीत तो चालूच आहे. आठवणीवर चालणारा प्रोग्राम "चालू कर" म्हटल्यावर म्हणतो, आहेच की चालू, आणि कमांड पाठवतच नाही. सगळंच यूपीएसशिवाय असेल तर दुसरा प्रकार: वीज आल्यावर प्रोसेसर आधी उठेल की नेटवर्क स्विच, याचा नेम नसतो. सुरू होताना एकदाच कनेक्शनचा प्रयत्न करून गप्प बसणारा प्रोग्राम असेल तर कोणीतरी जाऊन रॅक बंद-चालू करेपर्यंत ती रूम मेलेली. इलाज सोपा आहे: ५, १०, २०, मग दर ३० सेकंदांनी प्रयत्न, कायम. तीन वेळा उत्तर आलं नाही तर पॅनलवर स्पष्ट "संपर्क नाही".

मोटर आणि फायर अलार्मच्या बाबतीत चूक झाली तर तिची किंमत पैशापलीकडे जाते. पडद्याच्या मोटरला वर आणि खाली असे दोन रिले (विजेने चालणारे स्विच) असतात. दोन्ही एकदम लागले तर मोटर जळू शकते. म्हणून एक सोडायचा, निदान अर्धा सेकंद थांबायचं, मगच दुसरा लावायचा. आणि शक्य तिथे इंटरलॉक असलेला (दोन्ही एकदम लागूच न देणारा) मोटर कंट्रोलर घ्यायचा, म्हणजे प्रोग्राम चुकला तरी मोटर वाचते. सभागृहात फायर पॅनलकडून येणारा कॉन्टॅक्ट एरवी जोडलेला राहणारा (नॉर्मली क्लोज्ड) असावा, म्हणजे वायर तुटली तरी ती आग समजली जाईल आणि कार्यक्रमाचा आवाज बंद होऊन सूचना ऐकू येतील. आणि हा म्यूट केवळ प्रोग्रामवर सोडू नये. अॅम्प्लिफायर किंवा डीएसपीच्या इनपुटला तो थेट वायरनेही जोडलेला असावा. तपासायची रीत एकच: टर्मिनलमधून वायर काढून बघणे.

हे सगळं कोणत्याही एका ब्रँडचं ज्ञान नाही. सर्टिफिकेटने मागायचं ते हेच.

"नेटवर्क आणि सिक्युरिटी आयटीचं काम."

आयटीवाले पोर्ट उघडतील, पण कोणते, हे प्रोग्रामरनेच सांगायचं असतं. पीजेलिंक ४३५२, एसएसएच २२, क्रेस्ट्रॉनचा स्वतःचा प्रोटोकॉल सीआयपी ४१७९४, त्याचं सुरक्षित रूप ४१७९६: अशी यादी, कोणाकडून कोणाकडे जाणार यासकट, कमिशनिंगच्या (साईटवर यंत्रणा चालू करून तपासण्याच्या) आधी द्यावी लागते. ती नसली की दोनच गोष्टी होतात. एकतर आयटी सगळं अडवतं आणि हँडओव्हर लांबतो, नाहीतर वैतागून सगळं उघडतं. बोर्डरूमच्या प्रोसेसरला माइक आणि कॅमेरे जोडलेले असतात, हे विसरून कसं चालेल? कंपनीचा मूळ पासवर्ड बदलणं, एन्क्रिप्ट न होणारं टेलनेट बंद करून एन्क्रिप्टेड एसएसएच ठेवणं, कोडच्या ओळीत पासवर्ड न लिहिणं, एव्हीसाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) मागणं, एवढं प्रोग्रामरला यायलाच हवं.

"कोड ज्याने लिहिला त्याचा."

कायद्याच्या नजरेतून हे बरंचसं बरोबर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. नोकरीत लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरने लिहिलेला मात्र लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्याचाच राहतो, ग्राहकाने पूर्ण पैसे दिले तरी. कलम १९ नुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. खरेदी विभागांना बहुधा याचा पत्ता नसतो.

पण यातून मेसेज काढतो तो निष्कर्ष, म्हणजे सोर्स द्यायची गरज नाही, तो चुकीचा आहे. ग्राहकाच्या प्रोसेसरमध्ये बहुधा असते ती कंपाइल केलेली (यंत्राला चालवता येईल अशी बनवलेली) फाइल, आणि तिच्यातून मूळ सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, सहसा परत मिळत नाही. तीन वर्षांनी एक डिस्प्ले बदलला, नव्याच्या कमांड वेगळ्या, मूळ प्रोग्रामर दुसऱ्या शहरात. तेव्हा त्या एका डिस्प्लेसाठी अख्खी रूम नव्याने लिहावी लागते. मालकी स्वतःकडे ठेवूनही वापराचा परवाना देता येतो. सर्टिफिकेटधारकाच्या आचारसंहितेत हे स्पष्ट हवं: मालकी आणि परवाना काम सुरू होण्याआधी लेखी ठरवायचा, आणि हँडओव्हरला सोर्स, वापरलेली मॉड्यूल, टचपॅनलची मूळ फाइल, आयपी पत्त्यांचा तक्ता, प्रत्येक उपकरणाची फर्मवेअर आवृत्ती आणि पासवर्ड द्यायचे. स्वतःची जुनी मॉड्यूल लॉक करून द्यायची असतील तर तेही कोटेशनमध्येच सांगायचं.

"परीक्षा ऑनलाइन प्रश्नपत्रिकेने घ्या, प्रॅक्टिकल परवडत नाही."

पर्यायांतून "८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट" निवडता येतं. पण आरएस-२३२ वर (उपकरणं जोडणाऱ्या सीरियल केबलवर) काहीच येत नसेल तर आधी २ आणि ३ नंबरची पिन उलटी आहे का बघायचं, आणि कचरा अक्षरं येत असतील तर बॉड रेट (डेटाचा वेग), ही सवय प्रश्नपत्रिकेत दिसत नाही.

प्रॅक्टिकल महाग असण्याचं कारण नाही. एक प्रोसेसर, एक टचपॅनल, दोन रिले, एक कॉन्टॅक्ट आणि एक लॅपटॉप. प्रोजेक्टर आणि डीएसपी म्हणून लॅपटॉपवरची छोटी स्क्रिप्टच उत्तरं देते, आणि परीक्षकाला हवी तशी बिघडते. उमेदवाराने स्वतःला येणारा ब्रँड निवडावा. दोन पानी वर्णनावरून तीन तासांत प्रोग्राम लिहावा. मग परीक्षकाने छळावं: नेटवर्क केबल काढून पाच मिनिटांनी लावावी, उत्तर अर्धं तोडून पाठवावं, "चालू"चं बटण भराभर दहा वेळा दाबावं, वर-खाली एकत्र दाबावं, फायरची वायर उपटावी, वीज घालवून परत आणावी. प्रत्येक वेळी पॅनलवर जे दिसतं ते खरं आहे का, एवढंच तपासायचं.

दुसरा भाग आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो. उमेदवाराला अनोळखी माणसाने लिहिलेला सोर्स द्यायचा, पंचेचाळीस मिनिटं द्यायची आणि एक इनपुट बदलायला सांगायचं, बाकी काहीही न बिघडवता. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) रोज हेच करावं लागतं. शिवाय दुसऱ्याच्या कोडमध्ये चाचपडलेला माणूस स्वतःच्या कोडमध्ये नावं आणि टिपा नीट लिहायला लागतो.

इथल्यासाठी एक लहानशी भर. नगरपालिका, कॉलेज, सांस्कृतिक सभागृह यांना मराठी पॅनल हवं असतं. काही पॅनलवर देवनागरी जोडाक्षरं तुटतात आणि "प्रकाश"चा "प्‌रकाश" होतो. लेबल खऱ्या पॅनलवर तपासणं, आणि तुटत असेल तर ते चित्र म्हणून टाकणं, हेही परीक्षेत असावं.

"एकदा पास झाला की झालं."

सीटीएसचं दर तीन वर्षांनी, प्रशिक्षण वगैरेतून ३० युनिट मिळवून, नूतनीकरण करावं लागतं. प्रोग्रामरसाठी निदान तेवढं हवंच, आणि त्यातला काही भाग वर्गात बसून मिळणारा नसावा. गेल्या तीन वर्षांत हँडओव्हर केलेल्या एका कामाची फाइल, ग्राहकाच्या परवानगीने आणि पासवर्ड, आयपी पत्ते झाकून, परीक्षकाकडे द्यावी. त्याने ती उघडावी, कंपाइल करावी आणि आयपीचा तक्ता कोडशी जुळतो का बघावं.